बारा पाऊण नऊ

मला पोहता येत नाही. देवबागला कर्ली नदीच्या काठावर नवशिक्यांच्या गटात उभी राहिले, तेव्हा हे मी मार्गदर्शकाला आधीच सांगितलं. त्याने माझ्या लाइफ जॅकेटचे पट्टे आवळले आणि खांद्यांपाशी धरून ते वर ओढलं. ते हनुवटीपर्यंत सरकलं. असं सैल जॅकेट पाण्यात वर तरंगतं आणि माणूस त्यातून खाली घसरतो, असं म्हणत त्याने पट्टे पुन्हा आवळले. जॅकेट नुसतं घालून भागत नाही, ते अंगाला घट्ट बसावं लागतं, हे मला तिथे कळलं.

आमची कयाक म्हणजे वरून उघडी, प्लास्टिकची अरुंद होडी. बसायच्या जागेजवळ आरपार भोकं दिसली आणि पाणी आत येईल या भीतीने मी एकावर पाय ठेवला. पण आत उडालेलं पाणी त्याच भोकांतून बाहेर जातं. होडीचं पोकळ अंग चहूबाजूंनी बंद असतं, त्यात हवा असते, म्हणून ती तरंगते. ज्याला मी धोका समजत होते, तीच पाण्याची वाट होती.

एका कयाकमध्ये दोघं. माझ्याबरोबर कोल्हापूरच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. गटातले सगळे त्यांना बाईच म्हणत. गुडघाभर पाण्यात आधी बूड टेकायचं, मग पाय आत घ्यायचे. बाई पुढे, मी मागे. मी जोर लावून उजवीकडे वल्हं मारलं आणि होडीचं नाक डावीकडे वळलं. आणखी जोर लावला, तर आम्ही गोल फिरून पुन्हा काठाकडे तोंड करून उभ्या. वल्हं ज्या बाजूला मारावं त्याच्या उलट बाजूला होडी वळते. दिशा मुख्यतः मागच्याने सांभाळायची आणि ताल पुढच्याने द्यायचा.

ताल जमला, पण थोड्याच वेळात माझे दंड भरून आले. मार्गदर्शक शेजारी आला. "हात नाय ओ ताई, अंग फिरवा." पातं पुढे पायांजवळ बुडवायचं आणि कमरेपासून अंग वळवत मागे आणायचं, याला तो फॉरवर्ड स्ट्रोक, म्हणजे पुढे जायचं वल्हवणं, म्हणत होता. मूठ सैल, पाय पायटेकूवर रोवलेले. पाठीने आणि पोटाने काम उचललं तसे दंड मोकळे झाले. इतका वेळ मी शरीराचा त्या मानाने दुबळा भाग राबवत होते.

पुढे कांदळवन सुरू झालं. चिखलातून वर आलेली तिवराची टोकदार मुळं हवेतून श्वास घेतात. कांदळाचं बी झाडावरच रुजतं आणि लांब शेंगेसारखं लोंबतं. बघता बघता आमची होडी काठाकडे गेली आणि मी आधारासाठी मुळाकडे हात लांबवला. "धरू नका!" मागून हाक आली. मुळांना चिकटलेल्या कालवांची धार हात कापते, आणि फांदीला लटकलेल्या माणसाखालून होडी निघून जाते. घाबरल्यावर हात आपोआप जे करायला जातो, तेच इथे टाळायचं असतं.

एका वळणावर सगळे थांबलो. पाण्यावरचं पान जागचं हलेना. भरती पूर्ण झाल्याचं सांगून मार्गदर्शकाने कोकणातल्या दर्यावर्दींचा हिशेब मांडला: तिथीला पाऊणने गुणायचं, जे येईल, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. त्या दिवशी द्वादशी होती. "बारा पाऊण नऊ," बाई तत्काळ म्हणाल्या. शाळेत पाठ केलेली पाऊणकी! चंद्रामुळे भरती रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येते. पाऊण तास त्याच्या जवळचाच. घड्याळात नऊ वाजून गेले होते. थोड्या वेळाने तेच पान उलट दिशेला निघालं.

मग मला सगळ्या आखणीचा अर्थ लागला. भरतीच्या पाण्याबरोबर नदीच्या वरच्या अंगाला जायचं आणि ओहोटीबरोबर परतायचं, म्हणजे थकलेल्यांना पाणीच घरी आणतं. ऊन चढलं की जमीन तापते आणि समुद्रावरून वारा सुटतो, म्हणून निघायचं सकाळी. देवबागच्या टोकाला नदी समुद्राला मिळते, तिथे ओहोटी बाहेर ओढते, म्हणून त्याच्या बरंच अलीकडे थांबायचं. एक जण सगळ्यांच्या पुढे, एक शेवटी आणि वेग सगळ्यात संथ होडीचा. तो वेग आमचा होता, आणि कुणीही घाई केली नाही.

पोहता न येणाऱ्या, पाण्याला बिचकणाऱ्या माणसांनी हा अनुभव जरूर घ्यावा असं मला मनापासून वाटतं. फक्त पैसे भरण्याआधी नेणाऱ्याला विचारा, "त्या दिवशी भरती किती वाजता?" उत्तर चटकन आलं आणि जायची-यायची दिशाही त्यावरूनच ठरलेली असली, तर खुशाल बसा. संथ नदीत दंडांची ताकद फारशी लागत नाही. पाण्याची वेळ ओळखणारा माणूस सोबत लागतो.