रेषेबाहेर गेलेला रंग

परवा एक आई साडेतीन वर्षांच्या मुलाला घेऊन आली. "डॉक्टर, शाळेतून सांगितलंय, हा रेषेच्या आत रंग भरत नाही. हातात काही दोष तर नसेल ना?" तिने वही दाखवली. छापील सफरचंद, त्यावरून चारी दिशांना गेलेला लाल खडू आणि खाली बाईंचा शेरा.

मी त्याला एक कोरा केसपेपर आणि जाड खडू दिला. काय काढायचं ते सांगितलं नाही. त्याने एक गोल काढला, आत दोन ठिपके आणि गोलालाच खाली दोन लांब काठ्या. "आजोबा. दूध आणायला चाललेत." माणसाचं असं, धड नसलेलं चित्र मुलं साधारण तीन-चार वर्षांची असताना काढतात. बंद गोल जमला, म्हणजे या वयाला हात आणि डोळ्यांचा मेळ ठीक आहे. लहान मूल आधी खांद्यातून आणि कोपरातून हात फिरवतं. मनगट आणि बोटं नंतर तयार होतात. रेषेच्या आत राहणं त्याहून पुढचं.

माझ्या मुलीने याच वयात निळा हत्ती काढला होता. मी प्रेमाने, अगदी प्रेमानेच, शेजारी 'बरोबर' हत्ती काढून दिला. पुढे कित्येक महिने ती खडू माझ्या हातात द्यायची, "बाबा, तूच काढ."

म्हणून सांगतो, समोर नमुना ठेवू नका. कोरा कागद, कणीक, ओली माती, वाळलेली पानं एवढं पुरे. कोसबाडच्या बालवाडीत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी परिसरात मिळणाऱ्या अशाच वस्तूंवर मुलांचं शिक्षण उभं केलं. फक्त तीन वर्षांखालच्या मुलांना मणी-चिंचोके देऊ नका. नाकात गेले की ते काढायला तुम्ही माझ्याकडेच येता! आणि चित्र दाखवायला आलं, तर "हे काय आहे?" विचारण्याऐवजी "सांग ना मला याबद्दल" म्हणा. कधी कधी ते 'काहीच' नसतं, नुसता हात फिरवल्याचा आनंद असतो.

दीड वर्षाच्या आतच मूल एकच हात वापरत असेल, तिसऱ्या वर्षीही रेघोट्या मारत नसेल किंवा येत असलेलं विसरू लागलं असेल, तर मात्र जरूर दाखवा.

त्या आईने निघताना विचारलं, "बाईंना काय सांगू?" मी चिठ्ठीवर लिहून दिलं: हात उत्तम आहेत. रोज एक कोरा कागद द्यावा.