एकोणचाळीसशे एकरांचे स्वावलंबन

पहाटे पाचला उठणारा मनुष्य श्रीमंत होतो, असा एक सिद्धान्त हल्ली मोबाइलच्या पडद्यावरून मोठ्या आवेशाने सांगितला जातो. सांगणारे बहुधा तरुण असतात. पाठीमागे पुस्तकांचे कपाट असते. आमच्या व्हाइटफील्डात, जेथे संगणकाच्या धंद्याने शेतांच्या जागी काचेचे मनोरे उभे केले, तेथे अशा उपदेशकांना श्रोत्यांची वाण नाही. आम्हीही ऐकतो. त्यात खोटे असे फारसे नसते. लवकर उठावे, नियमितपणे वागावे, हे आमची आजीही सांगत असे, आणि तीही फी न घेता.

मौज अशी की, हा सिद्धान्त खरा असता तर आमच्या इमारतीतील सर्वांत धनवान माणसे मोरीपाशी व फाटकापाशी आढळली असती. धुणेभांडी करणाऱ्या बाई चारला उठतात, घरचा स्वयंपाक उरकतात आणि साडेसहाला आमच्या दारात उभ्या राहतात. रखवालदाराची पाळी बारा तासांची. २०२३च्या ऑक्टोबरात इन्फोसिसचे एक संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे म्हटले, तेव्हा केवढा वाद माजला! बारा तासांचे सहा दिवस म्हणजे बहात्तर. रखवालदाराने तो आदर्श केव्हाच ओलांडला होता. वादात त्याला कोणी विचारले नाही.

उपदेशकाच्या वाक्यातील कर्ता नेहमी एकवचनी: तू ऊठ, तू शीक, तू जिंक. शाळेची फी कोणी भरली, नोकरी लागेपर्यंत कोणी पोसले, ही क्रियापदे गाळलेली असतात.

वस्तुतः हे गावच स्वावलंबनाच्या मंत्रावर वसले. युरेशियन व अँग्लो-इंडियन लोकांनी शेती करून स्वतःच्या पायांवर उभे राहावे, अशी त्यांचे पुढारी व्हाइट यांची खटपट होती. त्यांचेच नाव गावाला मिळाले. तथापि पाय टेकायला आधी जमीन लागते. ती, सुमारे ३,९०० एकर, १८८२ साली म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांनी दिली.

आपल्याकडचे उदाहरण घ्यावे, तर मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुटी मिळाली, ती कोणा एकाच्या मनोनिग्रहाने नव्हे. नारायण मेघाजी लोखंड्यांनी हजारोंची सभा भरवली; तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या.

आमच्या रखवालदाराचा रविवार अद्याप बदली माणूस मिळण्यावर अवलंबून आहे. परवा त्याने आम्हांला हळूच एक जाहिरात दाखवली. पहाटेच्या कुठल्याशा वर्गाची फी दोन हजार, भरावी काय? आम्ही नको म्हणालो. त्याचे समाधान झालेले दिसले नाही. पैशांची सोय त्याने केली होती. रात्रपाळी असताना पाचला उठायचे म्हणजे झोपायचे केव्हा, एवढीच त्याची शंका होती.