३५ दिवसांची मुदत

पेढीवरचा मुरलेला व्यापारी कोणता माल किती दिवस टिकेल, हे गोणीला हात न लावता सांगतो. त्याच व्यापाऱ्याच्या पुढाकाराने महावीर जन्मकल्याणकाला रक्तदान शिबिर भरते, दुपारपर्यंत पिशव्यांचा ढीग होतो आणि आकडा अभिमानाने फलकावर चढतो. पिशवीवरची मुदतीची तारीख मात्र फारसे कोणी वाचत नाही.

तांबड्या पेशी शीतकपाटात साधारण ३५ दिवस, विशेष द्रावण वापरले तर ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट अवघ्या ५ दिवस. चैत्र शुद्ध त्रयोदशीला दिलेले रक्त अक्षय तृतीयेला, वर्षीतपाच्या पारण्याच्या दिवशीही, उपयोगी पडेल. वैशाख सरण्यापूर्वी मात्र ते बाद झालेले असेल. नेमक्या त्याच सुमारास महाविद्यालयांना सुट्या लागतात, कुटुंबे गावी जातात आणि रक्तपेढ्यांतील साठा आटतो. गंभीर थॅलेसेमिया असलेल्या मुलाला अशी सुटी नसते. दर दोन ते चार आठवड्यांनी त्याला परक्याचे रक्त चढवावेच लागते. ते वेळेवर मिळाले नाही तर मूल फिकट पडते, खेळ सोडून निजून राहते, आणि वडील एका रक्तपेढीतून दुसरीत हेलपाटे घालतात.

खिशात पैसा असूनही. कारण सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानंतर, १ जानेवारी १९९८ पासून, पैसे घेऊन रक्त देणे देशात बंद झाले. रक्तपेढी आकारते ते शुल्क तपासणीचे व प्रक्रियेचे. देरासरात चढाव्याची बोली लावणाऱ्या हातांना हे दान थोडे अनोळखीच वाटावे: येथे नाव पुकारले जात नाही, आणि घेणारा कोण हे देणाऱ्याला कधी कळतही नाही.

अशक्तपणाची भीती घरोघरी असते. एका वेळी साधारण ३५० मिलिलिटर रक्त घेतात, तेही हिमोग्लोबिन निदान १२.५ असेल तरच. घरातील सुनेला त्या कारणाने परत पाठवले, तर त्यात कमीपणा नाही. त्या निमित्ताने तिच्या ताटाकडे घरच्यांचे लक्ष गेले तरी पुष्कळ झाले. पर्युषणात उपवास चालू असताना मात्र रक्त देऊ नये. पारणे होऊन अंगात शक्ती आल्यावर द्यावे. चौविहार पाळणाऱ्याने सकाळचीच वेळ घ्यावी, म्हणजे सूर्यास्तापूर्वी भरपूर पाणी पिता येते.

पुरुषाला दर ३ महिन्यांनी, स्त्रीला दर ४ महिन्यांनी रक्त देता येते. तिमाहीचे हिशेब जेथे चुकत नाहीत, तेथे ही तारीख लक्षात राहणे कठीण नसावे. एखाद्या संघाने आपले दाते एकाच दिवशी न बोलावता बारा महिन्यांत वाटून घेतले, तर फलकावरचा आकडा लहान दिसेल आणि छायाचित्रे थोडी कमी निघतील. पहिली यादी वैशाख वद्याची करावी. गावी जाणाऱ्यांनी निघण्याआधी रक्तपेढीत जाऊन यावे.