अठरा बाय दीडचे आटे

ऑक्सिजन सेन्सर बदलून गाडी घरी आणली, की इंजिनाचा पिवळा दिवा विझायला हवा. माझ्या गाडीचा विझला आणि थोड्याच दिवसांत पुन्हा लागला. त्यातच सकाळी गार इंजिन सुरू केलं की बॉनेटखालून बारीक फटफट ऐकू यायची आणि गाडी तापली की ती कमी व्हायची. पेट्रोलही आधीपेक्षा जास्त जात होतं. ज्या गॅरेजमध्ये काम केलं होतं तिथे सांगितलं, "नवीन पार्ट आहे, सेट व्हायला वेळ लागतो." हे मला मुळीच पटलं नाही. सेन्सर तापला की मिनिटभरात काम करू लागतो, त्याला सेट व्हायचं काही नसतं.

कोल्हापुरात लोखंडाचं काहीही बिघडलं की पावलं शिवाजी उद्यमनगराकडे वळतात. मीही तिकडेच गेलो. फिटरने मॅनिफोल्डवरचा, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवरचा, पत्रा काढला आणि सेन्सरला पाना लावण्याआधी बोटांनी धरून हलवून पाहिला. तो हलला! मला जवळ बोलावून त्याने बॅटरीच्या उजेडात दाखवलं. सेन्सरचं बूड एका बाजूला टेकलेलं होतं, दुसऱ्या बाजूला नखाएवढी फट होती आणि फटीभोवती काजळीचा काळा पट्टा उमटला होता. जुना सेन्सर वर्षानुवर्षं तापून जाम झालेला असणार. तो ताकदीने काढताना भोकातले आटे ओरबाडून निघाले आणि त्या मेलेल्या आट्यांत नवा सेन्सर तिरकाच रेटला गेला.

एवढ्याशा फटीने काय होतं, असं वाटेल. पण धूर एकसारख्या दाबाने बाहेर पडत नाही, तो धक्क्याधक्क्याने येतो. दोन धक्क्यांच्या मध्ये नळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी होतो आणि फटीतून ताजी हवा आत ओढली जाते. सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो. पेट्रोल कमी पडतंय असं समजून तो कमी व्होल्टेज दाखवतो आणि कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडतो. म्हणजे सेन्सर चांगला, कॉम्प्युटरही चांगला, तरी गाडी पेट्रोल पिते आणि जादा पेट्रोलाने पुढचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो, तो वेगळाच. तो सेन्सरपेक्षा कितीतरी महाग असतो.

फिटरने मॅनिफोल्ड उतरवला आणि आम्ही तो शेजारच्या लेथवरच्या मामांकडे नेला. मामांनी भोकात बोट फिरवलं. "भायेरचं आटं गेल्यात सगळं. आतलं दोन-तीन तेवढं जिवंत हाईत," ते म्हणाले. पहिले एक-दोनच आटे वाकले असते, तर आतल्या बाजूने टॅप घालता आला असता. आतले शाबूत आटे टॅपला वाट दाखवतात आणि बाहेरचे सरळ होत येतात. इथे मात्र धातूच निघून गेला होता. "टॅप मारून भागायचं न्हाई. बुश नवीन बसवाय पाहिजे." बुश म्हणजे मॅनिफोल्डला जोडलेलं, सेन्सर ज्यात फिरवून बसवतात ते आट्यांचं कडं.

त्यांनी पिच गेजची पाती जुन्या सेन्सरच्या आट्यांवर धरली, तेव्हा मला एक गोष्ट नव्याने कळली. बहुतेक गाड्यांच्या या सेन्सरचे आटे १८ मिलिमीटर व्यासाचे आणि दीड मिलिमीटर पिचचे, म्हणजे दोन आट्यांमध्ये तेवढं अंतर असलेले, असतात. बाजारात मिळणाऱ्या साध्या १८ च्या नटाचं पिच मात्र अडीच असतं. घाईत कुणी तसला नट आणून डकवला, तर सेन्सर एक-दोन फेरे जाऊन अडकतो आणि त्याचेही आटे जातात.

मामांनी स्टेनलेसच्या सळईतून बुश कातून घेतला आणि त्याचं तोंड अगदी सपाट केलं, कारण सेन्सरची वॉशर तिथेच टेकते आणि धूर अडतो तो तिथेच, आट्यांत नाही. जुना बुश कापून काढला. नवा बसवताना मूळचाच कोन ठेवला. सेन्सरचं टोक थोडं खाली झुकलेलं असावं लागतं, नाहीतर गार नळीतलं पाणी त्यात साचून आतलं सिरॅमिक तडकतं. मॅनिफोल्ड पोलादी नळ्यांचा होता म्हणून आर्गन वेल्डिंग सोपं गेलं. बिडाचा असता तर काम अवघड होतं.

यातला एक बारकावा मला फार आवडला. वेल्डिंगच्या वेळी मामांनी बुशात जुना, निकामी सेन्सर फिरवून ठेवला. वेल्डच्या उष्णतेने बुश आवळतो, भोक अंडाकृती होतं आणि आटे वाकतात. आत सेन्सर असला की आकार टिकतो. सगळं आपोआप गार होऊ दिलं, पाणी ओतलं नाही. मग सेन्सर काढून टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं आणि तो एकदा आतबाहेर फिरवला. कीस ग्रीसला चिकटून बाहेर आला. तो आत राहिला असता, तर पुढे कन्व्हर्टरच्या जाळीत जाऊन बसला असता.

तिरक्या बसलेल्या सेन्सरचे आटे डायने साफ झाले, म्हणून तोच वापरला. आट्यांना अँटीसीझचा, म्हणजे आटे जाम होऊ न देणाऱ्या वंगणाचा, पातळ थर लावला, टोकाला थेंबही लागू दिला नाही. सेन्सर बोटांनीच शेवटपर्यंत गेला, मग टॉर्क पान्याने साधारण ४५ न्यूटन-मीटरवर आवळला. दिवा विझला तो विझलाच. फटफट थांबली, ॲव्हरेज पूर्वीसारखं झालं.

फट दिसली की सिलिकॉन भरून मोकळं व्हायचं, असा सल्ला मला दोघा-तिघांनी दिला होता. तो कुणीही ऐकू नये. साध्या सिलिकॉनची वाफ सेन्सरला कायमचं निकामी करते. त्यापेक्षा लेथवरच्या माणसाला त्याच्या कामाचे पैसे घासाघीस न करता द्यावेत, ते सेन्सरच्या किमतीपेक्षा कमीच असतात.

आणि तुमच्या गाडीचा सेन्सर बदलायला द्याल, तेव्हा शेजारी उभे राहा. पहिले तीन-चार फेरे नुसत्या बोटांनी द्यायला सांगा. बोटांनी जात नसेल तर पाना लावू देऊ नका, आधी १८ बाय दीडचा टॅप मागा.