लाईट गेली, लाईट आली

दर रविवारी सकाळी बाबांचा फोन येतो. तब्येत, पाऊस, जेवण वेळेवर करतोस ना... संपलं. मागच्या महिन्यातल्या एका रविवारी मात्र फोन ठेवता ठेवता म्हणाले, "अरे, ते तुझं डेटाबेस की काय ते चालू होत नाहीये. घाई नाही हां. सवडीनं बघ."

"कधीपासून?"

"झाले असतील तीन आठवडे. लाईट गेली होती ना, तेव्हापासून."

तीन आठवडे! आणि मधले दोन रविवार आम्ही पावसाबद्दल बोलत होतो.

थोडं मागचं सांगतो. बँकेतून रिटायर झाल्यापासून बाबा मिरजेत घराजवळच्या वाचनालयात संध्याकाळी बसतात. दिवाळीच्या सुट्टीत मी तिथल्या जुन्या पीसीवर डेबियन टाकलं आणि पुस्तकांच्या देवघेवीसाठी एक छोटासा प्रोग्राम लिहून दिला. मागे डेटाबेस पोस्टग्रेस. तोही सोर्सवरून कंपाईल केलेला. गरज होती का? अजिबात नाही. डेबियनचं तयार पॅकेज घेतलं असतं तर मशीनबरोबर आपोआप चालू व्हायची सोय त्यातच आली असती. पण कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल केलं की इंजिनिअरिंगची चार वर्षं फुकट गेली नाहीत असं वाटतं ना! मग सर्व्हर हाताने चालू केला, बाबांना दोन पुस्तकं देऊन-घेऊन दाखवली, चकल्या खाल्ल्या आणि पुण्याला परत.

सोर्सवरून टाकलेला पोस्टग्रेस युजर-लोकलमध्ये जाऊन गपचूप बसतो. मशीन उठलं की मलाही उठवा, हे तो कुणाला सांगत नाही. ते आपण सांगायचं असतं. मी सांगितलंच नव्हतं.

शनिवारी एसटी पकडली. वाचनालयात कॉम्प्युटरवर फडकं टाकलेलं आणि शेजारी दोनशे पानी वही. तारीख, सभासद क्रमांक, पुस्तक क्रमांक, दिलं की आलं. सगळं बाबांच्या बँकेतल्या अक्षरात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पूर्वी हे काम सोपं होतं. पोस्टग्रेसच्या सोर्समध्येच कॉन्ट्रिब फोल्डरात एक स्टार्ट-स्क्रिप्ट मिळते, ती इनिट-डीमध्ये टाकायची. पण २०१५ मधल्या डेबियन ८ पासून तिथे सिस्टिमडीचं राज्य आलं. त्याला एक छोटी सर्व्हिस फाइल द्यावी लागते: कुठला प्रोग्राम चालवायचा, डेटा कुठे आहे, कुठल्या युजरच्या नावाने चालवायचा (पोस्टग्रेस रूट म्हणून चालायला साफ नकार देतो). मॅन्युअलमध्ये नमुना आहे, तोच उतरवला. मग दोन कमांड. स्टार्ट म्हणजे आत्ता चालू कर. इनेबल म्हणजे दर वेळी मशीनबरोबर चालू कर. पहिली देऊन दुसरी विसरणारे बरेच असतात. मी दोन्ही दिल्या.

आणि स्टार्टची कमांड परतच येईना! सर्व्हिस 'ॲक्टिव्हेटिंग'वर अडकलेली. गंमत म्हणजे डेटाबेस चालू होता, क्वेरीला उत्तरंही देत होता.

तासाभराने ट्यूब पेटली. नमुन्यातल्या फाइलमध्ये टाइप 'नोटिफाय' असतो, म्हणजे 'मी तयार आहे' हा निरोप सर्व्हरने स्वतः द्यायचा. तो निरोप द्यायची सोय कॉन्फिगर करताना 'विथ-सिस्टिमडी' हा पर्याय दिला तरच आत जाते. हा पर्याय २०१६ च्या ९.६ आवृत्तीपासून आहे, मी दिलाच नव्हता. सिस्टिमडी निरोपाची वाट बघत बसलेला आणि पोस्टग्रेस मुकाट्याने काम करतोय. आमच्या घरचीच सवय लागली म्हणायची!

सिस्टिमडीची डेव्हलपमेंट लायब्ररी टाकली, तीच आवृत्ती पुन्हा कंपाईल केली. डेटाला हात लावावा लागला नाही. रीबूट केलं, सर्व्हर आपोआप उठला. पण लाईट काही विचारून जात नाही. म्हणून बॅकअप घेतला आणि सरळ प्लग उपटला.

"अरे अरे! डेटा जाईल ना!" बाबा.

मी समजावलं की पोस्टग्रेस कुठलाही बदल आधी एका लॉगमध्ये लिहितो आणि मुख्य फाइलींमध्ये नंतर उतरवतो. मध्येच बंद पडला तर उठल्यावर लॉग वाचून राहिलेलं पूर्ण करतो.

"म्हणजे आधी कीर्द, मग खतावणी. त्यात काय मोठं?"

काहीच मोठं नाही. प्लग लावला, बटण दाबलं, थोड्या वेळात पुस्तकांची यादी समोर. मग रात्री अकरापर्यंत बाबा वहीतून वाचत होते आणि मी नोंदी घालत होतो. एकही नोंद चुकलेली नव्हती.

निघताना विचारलं, "पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"तू कामात असतोस."

मी ते काम 'झालं' म्हणून टिकमार्क करून टाकलं होतं. माझ्यामागे ते उभं राहतं का, हे बघितलंच नव्हतं. साला, प्लग उपटायला दोन सेकंद लागतात.

परवा मिरजेत पुन्हा चार तास लाईट नव्हती. मला कळलं ते आईकडून, तेही सहज बोलता बोलता. सर्व्हर आपला आपण उठला होता.

असो. हल्ली रविवारचा फोन मी करतो. आणि आधी विचारतो, "काही बंद पडलंय का?"