मागच्या दाराची किल्ली

जुलैत आमच्या होस्टेलमध्ये फायर ड्रिल झाली. घंटा वाजली, सगळे हसत-खिदळत खाली उतरले, कुणी सेल्फी काढले. मी मात्र जिन्यामागच्या बंद दाराशी गेलो आणि कडी ओढून बघितली. मित्र म्हणाले, "काय रे, पळून जायचंय का?" तेव्हा मी नुसता हसलो. उत्तर आज लिहितोय.

माझं घर बुऱ्हाणपूरला, शनवाऱ्यात. गाव मध्य प्रदेशातलं, पण महाराष्ट्राची हद्द जवळ. त्यामुळे घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि बाजारात दोन्हींची खिचडी. बाहेरचे लोक गावाला मुमताज महल आणि मावा जलेबीसाठी ओळखतात. आम्ही ओळखतो ते पॉवरलूमच्या खटखटीने. ती थांबली की आजी विचारते, "लाइट गेली का रे?"

पहिल्या वर्षाच्या सुट्टीत मामांच्या ओळखीने मला एका कापडाच्या गोडाऊनमध्ये काम मिळालं. आलेल्या गाठी वहीत लिहायच्या, गेलेल्या खोडायच्या. हमाल चार. सगळ्यात वयस्कर होते त्यांना आम्ही चाचा म्हणायचो. खांद्यावर हुक अडकवून ते उभे राहिले की थप्पी सरळ लागली की नाही हे लांबूनच सांगायचे. "खालून गाठ ओढू नको, वरची उतरव," हा त्यांचा मला पहिला धडा.

मी कामाला लागायच्या आधी दोन तागे चोरीला गेले होते. म्हणून शेठनी मागच्या दाराला बाहेरून कुलूप लावलं आणि सात किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला. मला केवढा अभिमान वाटला! माल वाढला तेव्हा त्याच दाराच्या आतल्या बाजूला मी सहा गाठी रचायला सांगितल्या. वहीत माझ्याच अक्षरात आहे : 'मागचं दार – 6 गाठी.'

मे महिन्यातली दुपार. हमाल आत थप्पी लावत होते, मी रस्त्यापलीकडे चहा पीत होतो. शटरजवळच्या मीटरमधून ठिणगी उडाली आणि खाली साचलेल्या चिंध्यांनी पेट घेतला. मी बघितलं तेव्हा शटरच्या तोंडाशी जाळ होता आणि माणसं आत.

गल्लीतून मागे धावलो. पहिली किल्ली लागेना, दुसरी लागेना. आतून दारावर थापा पडत होत्या. माझे हात इतके थरथरत होते की जुडगा खाली पडला. कोणती किल्ली लागली ते आजही सांगता येणार नाही. दार उघडलं तर समोर अजून एक गाठ होती. बाकीच्या पाच त्या चौघांनी धुरात हुकने ओढून बाजूला केल्या होत्या. तिच्यावरून एकेक जण बाहेर आला. चाचा शेवटी. खोकून खोकून त्यांना उभं राहवेना. एक रात्र दवाखान्यात काढावी लागली.

शेजाऱ्यांनी मेन स्विच बंद केला, मग बंब आला, आग विझली. रात्री दहाला एका गाठीतून पुन्हा धूर निघाला. घट्ट बांधलेल्या कापडात वरून पाणी मुरत नाही, आत निखारा धुमसत राहतो. गाठ बाहेर नेऊन, फोडून भिजवावी लागते. हे त्या रात्री शिकलो.

दुसऱ्या दिवशी मी चाचांना भेटायला गेलो. ते रागावतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "बेटा, दो थान के लिए चार आदमी बंद कर दिए थे." मला मान वर करता आली नाही. कुलूप शेठचं होतं, पण किल्ली माझ्या खिशात होती आणि गाठी माझ्या वहीत.

मग चौघांनी ठरवलं, कुलूप निघाल्याशिवाय गाडी खाली करायची नाही. तीन दिवस माल रस्त्यावर राहिला. शेवटी शेठनी दाराला आतून अडसर बसवला. बाहेरचा आत येणार नाही, आतला मात्र केव्हाही बाहेर पडेल. दाराच्या वाटेवर पिवळा पट्टा ओढला, त्यावर काही ठेवायचं नाही. मीटर नवीन बसवला, चिंध्या रोज झाडून बाहेर. आणि चोरीचं काय? रोज संध्याकाळी मी तागे मोजू लागलो. अर्धा तास जास्त लागायचा, एवढंच. तो अर्धा तास वाचवायला आम्ही कुलूप लावलं होतं.

कॉलेजात परत आल्यावर लायब्ररीत वाचलं. 25 मार्च 1911 ला न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात आग लागली, 146 कामगार गेले, बहुतेक तरुण मुली. जिन्याच्या एका दाराला कुलूप होतं. मालकांना चोरीची भीती होती! वाचताना पुस्तक मिटून ठेवावं लागलं. आपल्याकडे 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टायकिन' जहाजाला आग लागली. कापसाच्या गाठी आणि स्फोटकं एकाच जहाजात होती. आग विझवताना अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. त्यांच्या आठवणीत दरवर्षी 14 एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात.

1948 च्या कारखाने कायद्याने आगीत बाहेर पडायची सुरक्षित वाट ठेवणं बंधनकारक केलं. पण विजेवर चालणाऱ्या ठिकाणालाही 'कारखाना' म्हणायला किमान दहा कामगार लागायचे. आमच्याकडे चार होते. तिथे कायद्याआधी माणसालाच बघावं लागतं.

तर मित्रांनो, ड्रिलच्या दिवशी त्या दाराची कडी उघडली, पण दार ढकलवेना. बाहेरच्या बाजूला आपल्याच ट्रंका आणि क्रिकेटचं किट होतं. शेठ नव्हता तिथे, आपणच होतो. आम्ही तिघांनी ते सामान हलवलं.

दिवाळीला घरी गेलो की चाचा विचारतात, "बाबू, पढाई कैसी चल रही है?" मी म्हणतो, चालू आहे. आज रात्री जेवून वर जाताना तुमच्या मजल्याचं मागचं दार एकदा उघडून बघा.