तिखट कमी केलं

पित्त झालं, अजीर्ण झालं, पोट फुगलं, हे आमच्या चुडाव्यात माणूस ओट्यावर बसून चारचौघांत सांगतो. संडासवाटे रक्त पडतं, रात्रीतून चार-पाच वेळा उठावं लागतं, हे सांगायला मात्र जीभ उचलत नाही. मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, व्रण पडतात, रक्त आणि आव पडते. रोगाशी लढणारी शरीराची यंत्रणाच आपल्या आतड्यावर उलटते. ती का उलटते, हे वैद्यकशास्त्राला अजून पुरतं उलगडलेलं नाही. हा आजार कुणाचा कुणाला लागत नाही. गोळ्यांनी तो मुळापासून जात नाही, पण औषध नेमानं चालू ठेवलं तर बराच काळ शांत राहतो.

नांदेडच्या डॉक्टरांनी दुर्बिणीची तपासणी करून हे सगळं नीट समजावलं. घरी काय सांगायचं, ते मात्र माझं मलाच ठरवायचं होतं.

गावातल्या घरात असा आजार लपत नाही, हे आधी सांगतो. संडास परसात, अंगणाच्या टोकाला. बादली भरल्याचा आवाज घरभर जातो. नांदेडला जायचं तर मी एसटी सोडून पूर्णेकडून येणाऱ्या पॅसेंजरची वाट बघत स्टेशनवर बसतो, कारण डब्यात संडास असतो. सप्त्याच्या पंगतीला वाढपी आग्रह करत येतो तेव्हा पानावर हात आडवा धरतो. हे सगळं घरच्यांना दिसत होतंच. कारण तेवढं माहीत नव्हतं.

न सांगण्याची कारणं माझ्याजवळ भरपूर होती आणि ती खोटी नव्हती. धाकट्या बहिणीसाठी स्थळं बघणं चालू आहे. भावाला आतड्याचा कायमचा आजार आहे म्हटलं की सोयरे पहिल्यांदा विचारणार, हे रक्तातून येतं का? खरं उत्तर असं की रक्ताच्या नात्यात धोका थोडा वाढतो, पण बहुतेक रुग्णांच्या घरात आधी कुणालाच हा आजार झालेला नसतो. एवढं लांबलचक उत्तर बैठकीत कोण ऐकून घेणार? दुसरी भीती टीबीची. आपल्याकडं आतड्याचा टीबीही होतो, आणि कोलायटिसचाच भाऊबंद असलेला क्रोन्स आणि तो टीबी यांतला फरक ओळखणं डॉक्टरांनाही अवघड जातं. गावाला तर वजन उतरलेलं दिसलं की पुरे. तिसरी भीती औषधांची. कुणी कुड्याच्या सालीचा काढा सांगणार, कुणी बेलाचा मुरंबा, आणि चार दिवस बरं वाटलं की म्हणणार, आता त्या गोळ्या सोड. या आजारात बरं वाटत असतानाच गोळी चालू ठेवायची असते, कारण ती सुटली की तो पुन्हा उसळण्याची शक्यता वाढते. गुडघा दुखला म्हणून दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळीसुद्धा कधीकधी त्याला उठवते.

माझं मन फिरलं ते मायमुळं. तिनं एक दिवस कारळाची चटणी करणंच बंद केलं. मग वरणाच्या फोडणीतून मिरची गेली, भाजीतलं तेल गेलं. मला काही न विचारता माझी भाकरी ती जास्त वेळ भाजू लागली. कच्ची राहत असेल, अशी शंका तिला आली असावी. पाणी उकळून वेगळ्या तांब्यात ठेवायची. एका संध्याकाळी चुलीपुढं बसून म्हणाली, "तिखट कमी केलं, तेल कमी केलं. तरी रात्री उठलास. माझ्याच हाताला काय झालंय की काय, माय."

मी आजाराचं नाव राखून ठेवलं होतं, आणि त्या रिकाम्या जागी तिनं आपला हात ठेवला होता. आजार माझा, दोष ती घेत होती. सोयरिकीची, गावाची, काढ्यांची भीती मी कितीही वेळा तोलून बघितली असती, तरी या गोष्टीपुढं ती हलकीच पडली असती.

जपानचे माजी पंतप्रधान शिंझो आबे यांना किशोरवयापासून हाच आजार होता. २००७ मध्ये वर्षभरातच त्यांनी पद सोडलं, तेव्हा त्यांनी स्वतः राजकीय कारणं सांगितली. आजाराचं नाव नंतर बाहेर आलं, आणि मधल्या काळात लोकांनी त्यांना बेजबाबदार ठरवलं. २८ ऑगस्ट २०२० रोजी पुन्हा पद सोडत असल्याचं त्यांनी जाहीर केलं, तेव्हा मात्र त्यांनी आजार नावानिशी सांगितला. मला त्यांचं राजकारण ठाऊक नाही. पण देशाच्या प्रमुखालासुद्धा हे सांगणं सोपं गेलं नाही, याचा मला आधार वाटला.

मायला मी तपासणीतली सगळी नावं सांगितली नाहीत. आतड्याला आतून सूज येते, तुझ्या स्वयंपाकानं ती आलेली नाही, अप्पांच्या बीपीच्या गोळीसारखी माझीही गोळी रोजची आहे, एवढं सांगितलं. रक्ताचंही सांगितलं. ते ऐकून ती थोडा वेळ गप्प बसली, मग विचारलं, "दुखतं का?" मी म्हणालो, "कधी कधी." बरीच वर्षं गेल्यावर आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढतो, म्हणून ठराविक अंतरानं दुर्बिणीची तपासणी करावी लागते. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. ते अप्पांना सांगितलंय, कारण पुढच्या तपासणीला तेच सोबत येणार आहेत.

गावाला सांगायचं नाही, हे आम्ही चौघांनी मिळून ठरवलं. सोयरिकीचं तेवढं मी धाकटीवर सोडलं, कारण संसार तिला करायचा आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दादा, बैठकीत नको. पण मुलगा एकटा बोलायला बसला, तर त्याला मीच सांगेन."